औषध फुकट, वाट महाग

(आशाताईच्या निवडीसाठीं आमच्या गांवीं भरलेल्या ग्रामसभेंत केलेलें भाषण)



आज या सभेपुढें काम एकच आहे. आपल्या गांवची आशाताई घरच्यांबरोबर दुसऱ्या गांवीं राहावयास गेली. तिची जागा रिकामी आहे, आणि त्या जागीं कोण असावें हें ग्रामसभेनें ठरवावयाचें आहे. गेले आठ दिवस पारावर याच गोष्टीची चर्चा चालू आहे. कोणी म्हणतो, आमच्या घरची सून घ्या. कोणी म्हणतो, त्यांच्या घरची नको. त्या बोलण्यांत सर्व कांहीं ऐकूं आलें. पण ती बाई कोणतें काम करणार आहे, हें मात्र आमच्या कानीं आलें नाहीं.

आम्ही शाळामास्तर. कोणा एका घराची बाजू घेण्यासाठीं उभे राहिलों नाहीं. मास्तराला हिशेब मांडण्याची संवय असते, म्हणून एक हिशेब मांडतों. आपल्या या झाडीच्या मुलखांत आजारी माणसाला औषध मिळण्याची किंमत आजपर्यंत काय पडली, ती कोणीं भरली, आणि कशानें कमी झाली, एवढेंच सांगावयाचें आहे. तें ऐकून मग निवड करा.

जुन्या काळापासून सुरुवात करूं. आपला मुलूख तेव्हां चांदा जिल्हा म्हणून मध्यप्रांतांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्यांतून गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. राज्यें बदललीं, नकाशे बदलले. पण जंगलांतल्या माणसाचा पहिला वैद्य बराच काळ तोच राहिला. तो म्हणजे गांवचा पुजारी, आणि बाळंतपणाला सुईण.

शिकलेले लोक याला अडाणीपणा म्हणतात. आम्हीही अध्यापक विद्यालयांतून नवे बाहेर पडलों तेव्हां असेंच म्हणत होतों. पुढें आम्हांस उमजलें कीं, त्यांत अडाणीपणा होता तसा हिशेबही होता. पुजारी हाकेच्या अंतरावर असे. तो आपल्या बोलींत बोले. रात्रीं बोलावलें तरी येई. एक कोंबडी घेई, आणि तीही धान निघाल्यावर दिली तरी चाले. आजाऱ्याजवळ रात्रभर बसून राही. आतां सांगा, वीस कोसांवरचा दवाखाना, जेथें आपली बोली कोणाला कळत नाहीं आणि जेथें दारांतच 'तिकडे थांब' म्हणून ओरडतात, तो गरिबाला जवळचा कसा वाटावा?

पण दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगितली पाहिजे. पुजारी परवडत होता, तरी त्याच्यापाशीं हिवतापावर औषध नव्हतें. मंत्रानें छातींतला कफ सुटत नाहीं, अंगाऱ्यानें तापाचे जंतु मरत नाहींत. जो जवळ होता त्याच्याकडे औषध नव्हतें, आणि ज्याच्याकडे औषध होतें तो जवळ नव्हता. आपली सारी अडचण एवढीच होती, आणि तिच्यापायीं माणसें मेलीं.

सरकारला हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. १९४६ सालीं सर जोसेफ भोर यांच्या समितीनें अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाहीं एवढ्याच कारणानें कोणीही उपचारावांचून राहूं नये, हें तत्त्व त्यांत घातलें होतें. २ ऑक्टोबर १९५२ रोजीं सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रें निघूं लागलीं. १९५३ पासून हिवतापाविरुद्ध देशभर मोहीम निघाली आणि घरोघरीं डी.डी.टी. फवारली गेली. देवीची लस घेऊन माणसें वाड्यापाड्यांवर फिरलीं, आणि १९७५ च्या मे महिन्यानंतर भारतांत देवीचा रोगी सांपडला नाहीं. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्या. देवीची लस घेण्यासाठीं आपण दवाखान्यांत गेलों नाहीं; लस आपल्या दारांत आली. जें दारांत आलें तें फळास गेलें.

पण तान्ह्या मुलाचें दुखणें, बाळंतिणीचा ताप, साप चावणें, या गोष्टी मोहिमेची वाट पाहत नाहींत. आमच्या घरची गोष्ट सांगतों. १९९० च्या आसपासचा श्रावण होता. आम्ही दहाएक वर्षांचे होतों. आईला मुलगा झाला. सुइणीनें नाळ कापली, बाळ रडलें, घरांत गूळ वाटला. चौथ्या दिवशीं बाळ दूध ओढीना. अंग गार पडलें, श्वास भराभर चालूं लागला. पुजारी आला, आजीनें अंगारा लावला. पांचव्या दिवशीं वडिलांनीं त्याला घोंगड्यांत गुंडाळलें आणि ते निघाले. नाल्याला पूर होता. अलीकडच्या कांठावर ते दुपारपर्यंत बसून राहिले. पूर उतरला तेव्हां घोंगड्यांतलें बाळ संपलें होतें.

त्या भावाचें नांवही ठेवलें नव्हतें. वडील म्हणाले, देवाचें होतें, देवानें नेलें. आम्हीही कित्येक वर्षें तसेंच समजत होतों. आज विचार केला तर दिसतें कीं, तें बाळ औषधाच्या किंमतीमुळें गेलें नाहीं. तें वाटेअभावीं गेलें, आणि त्याहून अधिक ओळखीअभावीं गेलें. चौथ्या दिवशीं त्या खुणा काय सांगत होत्या, हें आमच्या साऱ्या आळींत एकालाही वाचतां येत नव्हतें.

आतां शाळेच्या फळ्यावर मांडावा तसा एक हिशेब मांडूं. आंकडे समजुतीपुरते आहेत. त्या जागीं आपापल्या घरचे आंकडे घाला. समजा, रोवणीचे दिवस आहेत आणि घरधनिणीला ताप भरला. सरकारी दवाखान्यांत तपासणी फुकट, गोळी फुकट, खर्च शून्य. भाड्याची गाडी जाऊन-येऊन १,५०० रुपये. ती आणि सोबतचा नवरा, दोघांची चार दिवसांची बुडालेली मजुरी, रोजीं ३०० प्रमाणें २,४०० रुपये. दोघांचें खाणेंपिणें ४०० रुपये. बेरीज ४,३०० रुपये. हे पैसे घरांत नसतात म्हणून उचलावे लागतात; त्यांचें व्याज निराळें. सरकारच्या वहींत या बाईचा खर्च शून्य, आणि घरच्या वहींत चार हजार तीनशें. दोन्ही वह्या खऱ्या आहेत. म्हणून आम्ही म्हणतों, औषध फुकट असलें तरी वाट महाग आहे.

ही महागाई सर्वांना सारखी नाहीं. आम्हां मास्तरांना आजारपणाची रजा मिळते. घरीं निजून राहिलों तरी महिन्याचा पगार येतो. कुंभाराचें चाक थांबलें, बुरडाची सुरी थांबली, सुताराचा वाकस थांबला, कीं त्या दिवसाची भाकर थांबली. म्हणून गरीब माणूस ताप अंगावर काढतो. तो अंगावर काढतो म्हणून दुखणें वाढतें, आणि वाढलेल्या दुखण्याला मोठ्या शहराचा रस्ता धरावा लागतो. २००६ सालीं वडिलांच्या आजारांत आम्हींही तो रस्ता धरला. एका खाजगी रुग्णालयाचें बिल भरण्यासाठीं एक एकराची धानाची बांधी विकली. बिलांत काय काय लावलें आहे असें विचारलें, तर 'मास्तर, तुम्हांला यांतलें काय कळतें?' असें उत्तर मिळालें. बांधी गेली ती गेलीच.

मग ही वाट कमी कशी झाली, आणि कोणीं केली? आपल्याच मुलखांतल्या दोन कामांचीं नांवें घेणें उचित होईल.

पहिलें हेमलकशाचें. बाबा आमटे यांनीं वरोऱ्याजवळ आनंदवन उभें केलें होतें. ज्या महारोग्यांना गांवानें हाकलून दिलें, त्यांना तेथें औषधाबरोबर शेतीचें व कारागिरीचें काम मिळालें. पुढें २३ डिसेंबर १९७३ रोजीं त्यांनीं भामरागडच्या जंगलांत हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे आणि सूनबाई डॉ. मंदाकिनी आमटे तेथेंच राहिले. वीज नाहीं, पक्का रस्ता नाहीं. त्यांनीं माडिया बोली शिकून घेतली. पुजाऱ्याजवळ जे गुण होते, जवळ असणें आणि आपली बोली बोलणें, ते गुण आणि खरें औषध तेथें एकत्र आले. लोक मैलोगणती चालत येऊं लागले.

दुसरें काम डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांचें. त्यांनीं १९८६ सालीं गडचिरोलींत 'सर्च' ही संस्था काढली. दवाखाना कसा असावा हें त्यांनीं लोकांनाच विचारलें. म्हणून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या धर्तीवर बांधला गेला. आजाऱ्याजवळ नातलगांना राहतां यावें अशी सोय झाली, आणि त्याला माँ दंतेश्वरीचें नांव दिलें गेलें.

पण आमच्या मतें त्यांचें मोठें काम दवाखान्याबाहेरचें आहे. १९९३ पासून त्यांनीं ३९ गांवांत तान्ह्या बाळांच्या जन्ममृत्यूची नीट नोंद ठेवण्यास आरंभ केला. मग त्याच गांवांतल्या, थोडीफार शाळा शिकलेल्या बायांना तयार केलें. बाळाचें वजन करणें, घड्याळ लावून श्वास मोजणें, बाळ उबदार ठेवणें, आईला पाजण्यास मदत करणें, जन्मतां न रडलेल्या बाळाला श्वास देणें, आणि जंतुदोष झाला तर ठरलेल्या रीतीनें सुई देणें, इतकें त्यांना शिकविलें. निराळ्या ४७ गांवांशीं तुलना करून पाहिली. या ३९ गांवांत पूर्वीं दर हजार बाळांपैकीं सुमारें ६२ बाळें पहिल्या महिन्यांत दगावत. तिसऱ्या वर्षीं तो आंकडा सुमारें २५ वर आला. १९९९ सालीं हा सारा हिशेब 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय पत्रांत छापला गेला. खर्च किती? एका बाळामागें ५.३ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें दोनशें रुपये. अठरा बाळांची निगा राखली कीं एक मरण टळे.

आम्हीं हें पहिल्यानें वाचलें तेव्हां हातांतला कागद खालीं ठेवावा लागला. दूध न ओढणें, अंग गार पडणें, श्वास भराभर चालणें, या आमच्या भावाच्या खुणा होत्या. हे सारें काम आपल्याच जिल्ह्यांतलें होतें. त्या दुखण्याला नांव होतें, त्यावर औषध होतें, आणि तें औषध गांवच्या थोडीफार शाळा शिकलेल्या बाईच्या हातून देतां येत होतें. वडिलांना हें वाचून दाखविलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "त्या वेळीं आपल्या गांवांत अशी एक बाई असती तर?"

बंधूंनो, आज आपण तीच बाई निवडावयास बसलों आहों.

ज्याला पदवी नाहीं त्याच्या हातीं औषध कसें द्यावें, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न खोटा नाहीं. बाजाराच्या दिवशीं सलाईन लावून पैसे उकळणारा बोगस डॉक्टरही पदवीवांचूनच सुई टोचतो. फरक असा कीं, शिकवून तयार केलेली गांवची बाई ठरवून दिलेलेंच काम करते, केलेलें काम वहींत लिहिते, तिची वही वरचा माणूस तपासतो, आणि चूक झाली तर ती याच गांवांत राहत असल्यामुळें तिला जाब विचारतां येतो. बोगस डॉक्टराची वही नसते आणि पत्ताही नसतो. विद्या थोड्यांच्या घरांत कोंडली कीं ती महाग होते. वाटली कीं स्वस्त होते. महात्मा जोतीराव फुल्यांनीं शाळेच्या बाबतींत जें दाखविलें, तें औषधालाही लागू आहे. सावित्रीबाई कांहीं डॉक्टर नव्हत्या. पण १८९७ च्या प्लेगांत त्या आजाऱ्यांना पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यांत पोंचवीत राहिल्या, आणि त्यांतच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजीं वारल्या. आजाऱ्याला दवाखान्यापर्यंत पोंचविणें हेंही वैद्यकाचेंच काम आहे.

२००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालें आणि गांवोगांव आशाताई आल्या. २०११ पासून तान्ह्या बाळाची घरीं जाऊन निगा घेण्याचें काम देशभर आशाताईंकडे आलें. बाळंतपण दवाखान्यांत झालें असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशीं तिनें घरीं यावयाचें. घरीं झालें असेल तर पहिल्या दिवशींही यावयाचें. गडचिरोलीच्या त्या ३९ गांवांत जें झालें, त्यापासून देशानें घेतलेला हा धडा आहे. पूर्वीं हिवतापाचा संशय आला तर रक्ताची कांच दूर पाठवावी लागे आणि उत्तर येईपर्यंत दिवस जात. आज आशाताई दारांत बोट टोचून अर्ध्या तासाच्या आंत सांगते. आपल्या जिल्ह्यांत हिवताप अजून फार आहे, म्हणून या अर्ध्या तासाची किंमत आपल्याइतकी कोणाला कळणार?

पैशाच्या बाजूनेंही कांहीं दरवाजे उघडले. २०११ पासून सरकारी दवाखान्यांत बाळंतपण व तान्ह्या बाळाचा उपचार मोफत झाला. मोठ्या ऑपरेशनांसाठीं २०१२ च्या जुलैंत ज्या आठ जिल्ह्यांत राज्याची योजना प्रथम सुरू झाली, त्यांत गडचिरोली होती. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या नांवानें चालते. २०१४ पासून १०८ क्रमांकाची गाडी आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले. दुर्गम भागांतल्या कांहीं आरोग्य केंद्रांजवळ माहेरघर आहे. दिवस भरत आलेली बाई तेथें आधींच येऊन राहूं शकते, म्हणजे पुराच्या रात्रीं नाला ओलांडावा लागत नाहीं. चंद्रपुरास २०१५ सालीं आणि गडचिरोलीस २०२४ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें.

आमच्या शेजारच्या ढिवरभावाचें हृदयाचें ऑपरेशन फुले योजनेंत झालें. पूर्वींच्या काळीं डोंगा, जाळें आणि राहतें घर विकूनही तें झालें नसतें. पण त्यालाही दोन महिने खेटे घालावे लागले. कां, तर शिधापत्रिकेवर एक नांव आणि आधारकार्डावर दुसरें. दरवाजा उघडा आहे, पण उंबरठा अजून उंच आहे. केंद्रांत जागा मंजूर असते, माणूस हजर नसतो. फोनचा मनोरा असतो, पावसांत आवाज येत नाहीं. पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडचा रस्ता आजवर कित्येकदां बंद पडला आहे. त्या वेळीं जिल्ह्याचें मोठें रुग्णालय कितीही चांगलें असलें तरी कामास येत नाहीं. कामास येते ती पुराच्या अलीकडे, आपल्याच गांवांत राहणारी बाई.

म्हणून निवड करतांना पांच गोष्टी पाहा. ती याच गांवची रहिवासी असावी, आणि गोंडी व मराठी दोन्ही बोलणारी असावी. तिला वही लिहितां यावी, वजनाचा कांटा व घड्याळ वाचतां यावें. ती टोल्यावरच्या शेवटच्या झोपडींतही जाणारी असावी. गोंड, महार, कुणबी, ढिवर, कोणाच्याही घरांत पाय ठेवतांना तिनें अडखळूं नये, आणि कोणीं तिला दारांत अडवूं नये. रात्रीं हाक आली तर तिला घरच्यांनीं सोडलें पाहिजे; हें तिच्या नवऱ्यानें आणि सासूनें आज या सभेंत बोलून दाखवावें. आणि शेवटची गोष्ट, तिनें ऐकलेलें गुपित पोटांत ठेवावें. या पांच कसोट्यांवर जी उतरेल, ती कोणाच्या घरची आहे हें विचारूं नका. मोठ्या घरची असली म्हणून घेऊं नका, गरीब घरची असली म्हणून टाकूं नका.

निवडून दिलें कीं आपलें काम संपलें, असेंही नाहीं. तिला नोकरदाराचा पगार नाहीं. कामागणिक मोबदला आणि मानधन मिळतें, तेंही पुष्कळदां उशिरानें. रात्रीं तिच्यासोबत एक माणूस जावा. धान निघाल्यावर दर घरानें एक पायली धान गांवच्या कोठींत घालावें, आणि त्या पैशांतून आजाऱ्याच्या गाडीचें भाडें निघावें. परत देण्याची ऐपत असेल त्यानें द्यावें, नसेल त्याच्याकडे मागूं नये. प्रत्येक ग्रामसभेंत पहिला प्रश्न असा असावा: उपकेंद्रांत नर्सबाई किती दिवस हजर होत्या, कोणतें औषध संपलें आहे, कोणत्या घरीं बाळंतपण येत आहे. उत्तर मिळालें नाहीं तर ठराव करून वर पाठवावा. आणि प्रत्येकानें आपल्या शिधापत्रिकेवरचें नांव आजच तपासावें. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांनीं रविवारीं शाळेंत यावें. आम्ही बसून वाचून देऊं.

शेवटीं एक विनंति. ही बाई आकाशांतून पडत नाहीं. वीस वर्षांनीं या गांवाला जी आशाताई किंवा नर्सबाई लागेल, ती आज आमच्या तिसरीच्या वर्गांत बसली आहे. रोवणीला आणि मोहफुलांच्या दिवसांत तिला घरीं ठेवूं नका. तिची एक इयत्ता बुडाली, तर कोणाच्या तरी घरचें बाळ नाल्याच्या कांठावर बसून राहील.

आमच्या वडिलांनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आज तुमच्या हातीं आहे. नीट विचार करा आणि हात वर करा. इतकें सांगून आम्ही खालीं बसतों.